मागचा, पुढचा आणि पोच

आमच्या घरातल्या संगणकाकडून माझी एकच अपेक्षा होती. ठरल्या वेळी बोलायचं आणि सांगितलं की गप्प बसायचं. माणसांकडून ही अपेक्षा मी केव्हाच सोडून दिली आहे. पण यंत्राकडून ठेवायला काय हरकत आहे, असं मला त्या रविवारी दुपारी साडेबारापर्यंत वाटत होतं.

बायको इस्पितळाच्या रक्त तपासणी विभागात काम करते. तिथे एक नवं यंत्र येणार होतं आणि ते शिकून घ्यायला कोणीतरी तीन आठवडे परगावी जायचं होतं. जो जाईल तो पुढे विभागाचा प्रमुख होणार, हे कोणी न सांगताही सगळ्यांना कळलेलं होतं. असं बोलावणं बायकोला याआधी दोनदा आलं आणि दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. कारण सासूबाई. सासूबाईंचा उजवा हात कापतो. त्यावर गोळी आहे आणि ती सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा अशी अगदी काट्यावर घ्यावी लागते. अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी चमचा तोंडाशी जाईपर्यंत निम्मा रिकामा होतो. या खेपेला मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला स्वच्छ सांगितलं, "सोमवारी दहाच्या आत हो की नाही ते कळवायचं. पुन्हा विचारणार नाही."

"मी आहे ना!" मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांच्या संसारात तिच्या बघण्याचे सगळे प्रकार मला पाठ झालेत. हा त्यातला सर्वांत वाईट, म्हणजे कीव करणारा.

"अहो, गॅस बंद केला का, हे विचारायला तुम्ही कचेरीतून मला फोन करता. आणि गोळी राहू दे बाजूला. तुम्ही आईशी बोलता तरी का?"

हा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा. सासूबाई चार वर्षं आमच्याकडे राहतात आणि आमचं भांडण मुळीच नाही. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. फक्त आमच्यात सगळा व्यवहार बायकोमार्फत चालतो. मी टेबलाशी कप पुढे करून बसलेला असतो, सासूबाई समोर किटली धरून उभ्या असतात, आणि त्या बायकोला म्हणतात, "त्यांना विचार, अजून हवा का." बायको मला विचारते, "अजून हवा का?" मी बायकोला सांगतो, "अर्धा." बायको तिकडे वळून सांगते, "अर्धा." मग अर्धा कप येतो. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही, कारण मी अठ्ठावीस वर्षं कचेरीत आवक-जावक टेबलावर बसतो आहे. तिथेही शेजारशेजारच्या खोल्यांतले दोन साहेब एकमेकांशी असेच, माझ्यामार्फत, लेखी बोलतात.

पण बायको गेली तर निरोप कोण नेणार? हा प्रश्न रास्त होता. म्हणून मी ठरवलं की तिच्या जागी संगणक नेमायचा.

मी तीन महिन्यांचा संगणकवर्ग केलेला आहे. प्रमाणपत्र हॉलमध्ये, घड्याळाच्या बरोबर खाली लावलं आहे, म्हणजे वेळ बघणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही. वर्गात आम्हाला शिकवलं होतं की एखादी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी, अशी लिहिता येते की ती पडद्यावर कुठेच दिसत नाही, आपली मागे बसून गुपचूप काम करते. आणि दुसरा एखादा प्रोग्रॅम पुढे उघडून तिला हुकूम देता येतो. मी दोन्ही लिहिले. न दिसणाऱ्याचं नाव ठेवलं मागचा आणि दिसणाऱ्याचं पुढचा. मागच्याचं काम इतकंच की आठ, एक आणि सहा वाजता हाक मारायची, आणि 'गोळी घेतली' अशी पोच येईपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा मारायची. पुढच्यावर तीन बटणं: 'चालू', 'थांब' आणि 'घेतली'.

आता या दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं? इथे माझा अनुभव कामी आला. मी त्यांच्यामध्ये 'निरोप' नावाची एक फाईल ठेवली. पुढच्याने तिच्यात हुकूम लिहायचा. मागच्याने मिनिटामिनिटाला डोकावून तो वाचायचा, पाळायचा, खाली 'पोच' लिहायची आणि हुकूम पुसून टाकायचा. वर्गातले सर म्हणाले, एवढं पुरे आहे. पण उद्या कोणीही सोम्यागोम्याने फाईलमध्ये काहीही लिहिलं तर? म्हणून मी प्रत्येक हुकमाला जावक क्रमांक दिला. आधीच्यापेक्षा बरोबर एकाने जास्त क्रमांक असेल तरच मागच्याने हुकूम मानायचा, नाहीतर सभ्य भाषेत परत पाठवायचा. शिवाय पोच येणं बाकी असेल तर पुढच्याला बंद होता येणार नाही, अशी सोय केली. आणि मागचा मध्येच गतप्राण झाला तर पुढच्याने ताबडतोब त्याच्या जागी दुसरा नेमायचा, कारण खुर्ची रिकामी राहता कामा नये. हे सगळं लिहून झाल्यावर मला इतकं समाधान वाटलं की मी ते दोनदा वाचून काढलं.

हाक बायकोच्याच आवाजात हवी होती. परक्या आवाजाला सासूबाई दाद देणार नाहीत. बायको घाईत होती. माझ्या हातातल्या फोनपुढे येऊन ती म्हणाली, "आई, गोळी घे गं!" आणि त्याच दमात माझ्याकडे वळून, "झालं का हो? बंद करा आता ते!" हे दुसरं वाक्यही ध्वनिमुद्रित झालं. ते कापायला मी तासभर खटपट केली, पण प्रत्येक वेळी 'गोळी'च कापली जायची. शेवटी राहू दिलं.

रविवारी परीक्षा ठरली. बायकोने अट घातली, "संध्याकाळी सहाची गोळी या यंत्राने नीट देऊन दाखवायची. एकदा हाक, आईने बटण दाबलं की गप्प. तरच मी उद्या हो म्हणेन. आणि वायर उपटून बंद करायचं नाही हं. वायर मलाही उपटता येते." एवढं बोलून ती मैत्रिणीबरोबर नवी बॅग आणायला निघून गेली. मला उगाच आशा वाटली की बॅग आणते आहे म्हणजे मनातून तिला जायचंच आहे. आणि ते खरंच होतं. दोन्ही वेळा 'नाही' कळवून आली होती तेव्हा ती स्वयंपाकघरात किती वेळ एकच भांडं घासत उभी होती, ते मी बघितलं होतं.

साडेबाराला मी 'चालू' दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे पडद्यावर काही दिसलं नाही. आता मागचा दिसतच नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं, मीच लिहिला होता. पण दाबल्यावर काहीतरी झालं पाहिजे, ही माणसाची समजूत इतक्या सहज जात नाही. मी पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग सर म्हणायचे तसं शांतपणे, विश्वासाने दाबलं. एकूण सहा वेळा.

एक वाजता बायको बोलली, "आई, गोळी घे गं!" तिचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्या बायकोने सुरुवात केली. मग तिसरीने. अशा सहा जणी एकमेकींच्या पाठोपाठ "गोळी घे गं, गोळी घे गं" म्हणाल्या, आणि मग सहाही जणींनी मला खडसावलं, "झालं का हो? बंद करा आता ते!" एका बायकोला उत्तर देताना माझी तारांबळ उडते. सहा जणींपुढे मी नुसता उभा राहिलो.

दर दाबण्याला एक नवा मागचा जन्माला येत होता, हा उलगडा मला तेव्हा झाला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी 'थांब' दाबलं. पुढच्याने जावक क्रमांक एक टाकून हुकूम सोडला. सहांपैकी जो पहिल्यांदा डोकावला त्याने तो वाचला, नम्रपणे पोच दिली, हुकूम पुसून टाकला आणि थांबला. उरलेल्या पाच जणांना काही पत्ताच नाही. मी पुन्हा 'थांब' दाबलं. आता जावक क्रमांक दोन. पण या पाच जणांनी क्रमांक एक कधी पाहिलेलाच नव्हता! पाचही जणांनी एकमुखाने उत्तर पाठवलं: 'आपल्या पत्राचा क्रमांक जुळत नाही. अपेक्षित क्रमांक एक. कृपया योग्य क्रमांकासह पुनश्च सादर करावे.'

ही भाषा माझीच. कचेरीत हेच वाक्य मी लोकांना वर्षानुवर्षं पाठवत आलो. ते वाचणाऱ्याला काय वाटतं, याची कल्पना मला प्रथमच आली.

कोणी म्हणेल, मग पुन्हा क्रमांक एक टाकायचा. पण एकदा दिलेला जावक क्रमांक दुसऱ्यांदा द्यायचा नसतो. अठ्ठावीस वर्षांत मी दिला नाही आणि पुढच्यालाही देता येऊ नये अशी तजवीज करून ठेवली होती.

एक वाजून पाच मिनिटांनी पाच जणी बोलल्या. एक दहाला पुन्हा पाच. एक बाराला वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर खाली आले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले आहेत आणि त्यामुळे कुठल्याही बाबतीत त्यांचं मत भक्कम असतं.

"भार जास्त झालाय," संगणकाला हात लावून ते म्हणाले. "खालून टेकू द्या. हवा खेळती ठेवा."

"काका, हा आवाजाचा प्रश्न आहे."

"आवाज हे लक्षण आहे. मूळ टेकूत आहे." असं म्हणून त्यांनी संगणकाखाली माझे चार जाडजूड शब्दकोश सारले. संगणक थोडा उंच झाला आणि आवाज आणखी लांबवर पोचू लागला. स्पीकरची आवाज कमी करायची कळ तर फार पूर्वीच निखळून हरवली होती.

दीड वाजता इमारतीच्या अध्यक्षांची नोटीस घेऊन पहारेकरी आला. ध्वनिवर्धक लावण्यासाठी पूर्वपरवानगी घेतलेली नाही, सबब तात्काळ बंद करावा. मी नोटीस उलटसुलट करून बघितली. तिच्यावर जावक क्रमांक नव्हता! असल्या प्रसंगीही माझ्यातला कारकून जागा होता याचा मला अभिमान वाटला, आणि मी नोटिशीवर 'क्रमांक नसल्याने स्वीकारता येत नाही' असा शेरा मारून ती परत पाठवली. दहा मिनिटांनी अध्यक्ष स्वतः आले. ते घरी हातात झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालत असावेत, कारण झारी हातातच होती.

"हा घ्या क्रमांक. एक!" ते म्हणाले. "आतापर्यंत नोटीस काढायची वेळच कोणी आणली नव्हती. आता बंद करता की दोन नंबरची काढू?"

"बंद करायलाच तर बसलोय, अध्यक्षसाहेब."

"मग चालू ठेवायला बसला असतात तर काय केलं असतं?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात पाच बायका बोलल्या. "गोळी घे गं" ऐकून अध्यक्षांचा चेहरा जरा मऊ झाला, पण "बंद करा आता ते" आल्यावर ते म्हणाले, "बघा! तुमच्या घरातलेसुद्धा हेच म्हणतायत." आणि पाणी सांडत निघून गेले.

मी वर्गातल्या सरांना फोन लावला. ते जेवत होते. त्यांनी सांगितलं, "चालू कामांची यादी उघडा. एकेक मागचा निवडा आणि संपवा." मी यादी उघडली. पाच मागचे ओळीने बसले होते. पहिल्याला संपवला. क्षणभर चार दिसले, आणि लगेच पुन्हा पाच. पुढच्याने रिकामी खुर्ची भरून काढली होती. मी दुसरा संपवला. पाच. तिसरा संपवला. पाच. कचेरीत आमच्या टेबलावरच्या दोन जागा सहा वर्षं रिकाम्या आहेत आणि इथे पापणी लवायच्या आत नेमणूक होत होती. वाईट वाटत असतानाही मला त्याचं कौतुक वाटलं. पुढच्याची खिडकी बंद करायला गेलो तर तो म्हणाला, 'हुकूम क्रमांक दोनची पोच प्रलंबित आहे. बंद होता येणार नाही.' पुढचा मागच्यांच्या पोचेसाठी थांबला होता, आणि मागचे क्रमांक एकसाठी. असे ते सगळे सज्जनपणे एकमेकांची वाट बघत बसले होते.

चार वाजता माझं डोकं भणभणायला लागलं. साडेचारला इंजिनिअरकाका पुन्हा आले. या वेळी त्यांच्याकडे निरोप होता.

"तुमच्या सासूबाई आमच्याकडे वर येऊन गेल्या," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलंय की त्यांनी एकची गोळी एकलाच घेतली."

"एकलाच?"

"पहिल्या हाकेला. तुम्हाला कळवायला सांगितलंय."

सासूबाईंची खोली संगणकापासून सात पावलांवर आहे. तो निरोप एक जिना चढून, इंजिनिअरकाकांच्या घरी थांबून, एक जिना उतरून साडेतीन तासांनी माझ्यापर्यंत आला होता. मला खूप लाज वाटली. पुढच्या-मागच्याला मी इतका वेळ शिव्या घालत होतो, पण ते दोघे निदान दर मिनिटाला एकमेकांकडे डोकावत तरी होते.

आता 'घेतली' हे बटण मी स्वतःही दाबू शकलो असतो. पण घेणाऱ्याच्या वतीने दुसऱ्याने पोच द्यायची म्हणजे खोटी नोंद, आणि ती मी कोणासाठीच केलेली नाही. त्यात सहा वाजायला दीड तासच उरला होता. सहाला बायकोपुढे पाच बायका ओरडल्या तर ती बॅग उघडणारसुद्धा नाही, सरळ माळ्यावर टाकेल. मग पुन्हा ती एकच भांडं घासत उभी राहील. हे माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी उठलो.

सात पावलं. दारात उभा राहिलो. सासूबाई खिडकीपाशी बसून उजवा हात डाव्या हातात धरून होत्या.

"आई," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "एक बटण दाबायचंय. तुम्ही दाबाल का?"

त्यांनी सवयीने बायको कुठे आहे का बघितलं. मग दाराच्या चौकटीकडे नजर लावून, मी कुठेतरी दोन फूट बाजूला उभा आहे अशा बेताने म्हणाल्या, "मी दुपारपासून सांगतेय तिला, घेतली गं, घेतली गं. ऐकतच नाही."

"त्याला ऐकू येत नाही. दाबावं लागतं."

"ते बटण मला दिसलं होतं." त्यांनी उजवा हात पुढे करून दाखवला. "पण हात हलतो माझा. एकदा दाबायचं ते चारदा दाबलं जाईल. तुमची इतकी मेहनत, माझ्या हातून काही बिघडायला नको."

"आई, माझा हात हलत नाही," मी म्हणालो. "तरी मी सहादा दाबलं."

सासूबाई हसल्या. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते हसू नेहमी बायकोकडे तोंड करून असायचं.

त्या संगणकापाशी येऊन बसल्या. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली: सहा मागचे, जावक क्रमांक, पोच, मंजूर जागा. त्यांनी चष्मा पुसून सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा त्यांच्या लेकीने आम्हा दोघांना खडसावलं.

"नंबर कशाला हवा?" त्यांनी विचारलं.

"हुकूम खरा आहे की खोटा हे कळायला."

"घरातल्या घरात?"

मी घड्याळाखालच्या प्रमाणपत्राकडे बघितलं.

"आणि एकाने चिठ्ठी वाचून पुसून टाकली तर बाकीच्यांना कसं कळणार? राहू दे की तिथेच. सगळे वाचतील." त्यांनी यादीकडे बोट केलं. बोट पाचही जणांवरून थरथरत गेलं. "यांना कशाला मारता सारखं? हे बिचारे सांगितलेलं करतायत. नवीन आणतोय कोण?"

"पुढचा."

"मग आधी त्याला काढा."

खरं सांगतो, हे मला सुचलं नव्हतं. यादीत पुढच्याचंही नाव होतं, दुपारपासून डोळ्यांसमोर होतं. पण पुढचा म्हणजे हुकूम देणारा, आणि हुकूम देणाऱ्याला काढायचं असतं हा विचार अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मनाला कधी शिवलेलाच नाही. मी घाबरत घाबरत पुढच्याला निवडलं आणि संपवलं. काही कोसळलं नाही. मग मागच्यांकडे वळलो. सासूबाई मोजत होत्या: "एक गेला. दोन गेले. हा उरलाय, याला विसरू नका." पाचवा गेला आणि यादीत त्याची जागा रिकामीच राहिली.

त्यानंतर मी ते दोन्ही पुन्हा लिहायला घेतले. जावक क्रमांक काढून टाकला. तो खोडताना बोटं जरा अडखळली, हे कबूल करतो. चिठ्ठी वाचून झाली तरी तिथेच ठेवायची अशी दुरुस्ती केली. नवा मागचा उठवण्याआधी आत कोणी बसलाय का, हे विचारायला पुढच्याला शिकवलं. खुर्ची भरायचं कलम काढलं. आणि 'घेतली' हे बटणच काढून टाकलं. त्याऐवजी कीबोर्डवरची कुठलीही कळ, कितीही वेळा दाबली तरी एकच पोच.

"कुठलीही?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठलीही. अख्खा पंजा ठेवलात तरी चालेल."

सहाला पाच कमी असताना बायको आली. नवी बॅग दारात ठेवून ती आमच्याकडे बघत राहिली. आम्ही दोघं एका पडद्यापुढे खुर्च्या लावून बसलो होतो आणि सासूबाई मला सांगत होत्या, "तुम्ही हात नका लावू हं आता, मी लावते." बायकोने हे ऐकलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

सहा वाजले. एकच बायको बोलली. "आई, गोळी घे गं! झालं का हो? बंद करा आता ते!" सासूबाईंनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या, आणि कीबोर्डवर पंजा ठेवला. सहा पाच झाले. सहा दहा झाले. घरात इतकं शांत होतं की वर इंजिनिअरकाका काहीतरी सरकवत असल्याचं ऐकू येत होतं.

बायको म्हणाली, "बॅग कुठे ठेवू?" आणि सोमवारी पावणेदहालाच तिने हो कळवून टाकलं.

तिला जाऊन आठवडा झाला. शनिवारी मी पोचांची नोंद तपासायला बसलो. कचेरीतली सवय. प्रत्येक पोच पाच मिनिटं उशिरा! आठ वाजून पाच. एक वाजून पाच. सहा वाजून पाच. एकही अपवाद नाही. सकाळची आणि संध्याकाळची गोळी तर माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या हाकेला घेतली जात होती आणि ती घेतलेली बघूनच मी सकाळी कचेरीला, संध्याकाळी भाजीला बाहेर पडत होतो; हात शांत होता, चमचा भरलेला पोचत होता. म्हणजे चूक मागच्यात. मी त्याची ओळ न् ओळ वाचली. काही सापडेना.

रविवारी दुपारी मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हॉलमध्ये बसलो. एक वाजता हाक आली. सासूबाईंनी गोळी घेतली. पाणी प्यायल्या. मग कीबोर्डपुढची खुर्ची ओढून घेतली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नुसत्या बसून राहिल्या. पाच मिनिटं. पुन्हा हाक आली. लेकीचा आवाज शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतला, आणि मग त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला.

मी वर्तमानपत्र खाली केलं नाही. बायको रोज फोन करायची, पण घाईत, आणि तिकडच्या यंत्राबद्दलच बोलायची. मलाही तिची फार आठवण येत होती, फक्त ती मी आवक करून घेतली नव्हती.

संध्याकाळी सहाला मीही माझी खुर्ची त्यांच्या शेजारी नेली. त्यांनी आपली खुर्ची जरा सरकवली. पहिली हाक झाली, गोळी झाली. दुसरी हाक झाली. त्यांचा हात कीबोर्डकडे निघाला.

"राहू द्या, आई," मी म्हणालो.

हात मागे गेला. तिसरी हाक झाली. चौथी झाली. आम्ही दोघं समोर बघत बसलो होतो आणि बायको आम्हाला रागावत होती. पाचव्या हाकेनंतर दार वाजलं. इंजिनिअरकाका उभे होते, काखेत आणखी एक जाड पुस्तक.

"काय हो? पुन्हा बिघडलं वाटतं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हो ना. आणि आज काही दुरुस्त व्हायचं नाही."